त्रिफळा, जंगल आणि जबाबदारी : 'फेअरवाइल्ड' मानकाच्या निमित्ताने

ज्या दवाखान्यात त्रिफळा चूर्णाची बरणी नाही असा वैद्याचा दवाखाना महाराष्ट्रात शोधूनही सापडणार नाही. या तीन फळांपैकी आवळ्याची लागवड आता पुष्कळ वाढली आहे. हिरडा आणि बेहडा मात्र अद्यापि मुख्यत्वे जंगलातूनच येतात. आपल्या बरणीतला हिरडा कोणत्या डोंगरावरचा, तो कोणी वेचला, किती दिवस वाळवला आणि वेचणाऱ्याच्या हाती त्याचे काय पडले, या प्रश्नांची उत्तरे आपल्यापैकी किती जण देऊ शकतील? प्रस्तुत लेखाची तयारी करताना आम्ही हे प्रश्न आमच्या नेहमीच्या घाऊक विक्रेत्यास विचारले. त्याने मोठ्या सौजन्याने शुद्धतेचा अहवाल पुढे केला. द्रव्य कोणते आणि त्याची प्रत कशी, हे त्या कागदावर होते. ते कोठून व कोणाच्या हातून आले, हे नव्हते. यात विक्रेत्याचा दोष आम्ही मानीत नाही. इतक्या वर्षांच्या व्यवहारात हा प्रश्न आम्हीच कधी विचारला नव्हता.

हा प्रश्न आता जगाच्या पाठीवर अनेक ठिकाणी विचारला जात आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी एक निराळ्याच प्रकारची व्यवस्था उभी राहिली आहे. उद्योग, स्वयंसेवी संस्था, संशोधक, ग्राहक आणि काही ठिकाणी श्रमिक व स्थानिक समाज अशा अनेक हितसंबंधी घटकांनी एकत्र बसून नियम ठरवावेत, उद्योगांनी ते स्वेच्छेने स्वीकारावेत आणि त्रयस्थ यंत्रणेने त्यांची तपासणी करावी, अशी ही पद्धत आहे. उद्योगांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या चर्चेत तिला 'बहुहितसंबंधी उपक्रम' म्हणतात. वनौषधींच्या क्षेत्रातील असा प्रमुख उपक्रम म्हणजे 'फेअरवाइल्ड'. त्याचे एक टोक आपल्या सह्याद्रीत, भीमाशंकरच्या परिसरात आहे. म्हणूनच त्याचा परामर्श घेणे आम्हास अगत्याचे वाटते.

द्रव्याचा पहिला गुण

चिकित्सेचे चार पाद आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच मुखोद्गत केले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. चरकाचार्यांनी प्रत्येक पादाचे चार गुण सांगितले. द्रव्याच्या गुणांत योग्यत्व आहे, अनेकविध कल्पना होण्याची क्षमता आहे, संपत् आहे. परंतु पहिले स्थान 'बहुता' या गुणास दिलेले आहे. औषध कितीही वीर्यवान असले तरी ते मुबलक मिळत नसेल तर चिकित्सेचा तो पाद लंगडा पडतो. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आपण हा शब्द अनेकदा लिहिला. त्यात जंगलाच्या भवितव्याचा विचार दडलेला आहे, हे मात्र आपल्या क्वचितच ध्यानी आले.

त्याच संहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्या अध्यायात औषधींची नावे व रूपे गुराखी, मेंढपाळ आणि वनवासी जाणतात, असा आशय आला आहे. त्यांच्या योजनेचे ज्ञान हे वैद्याचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले आहे. द्रव्य कोणत्या भूमीतून व कोणत्या ऋतूत घ्यावे, याची चर्चा चरकाच्या कल्पस्थानात आणि सुश्रुताच्या सूत्रस्थानात विस्ताराने आहे. तात्पर्य, वनस्पती ओळखणारा आणि तिची योजना करणारा यांचे नाते शास्त्राला ज्ञात होते. मधल्या काळात त्या दोघांमध्ये गावचा व्यापारी, तालुक्याचा अडत्या, महानगरातील घाऊक पेढी आणि कारखाना असे चार-पाच उंबरठे उभे राहिले आणि दोघांची ओळख पुसली गेली.

या व्यवहाराचा आकार लहान नाही. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने करविलेल्या अभ्यासानुसार २०१४-१५ या वर्षात देशातील वनौषधींचा एकूण वापर अंदाजे ५,१२,००० टन होता. व्यापारात असलेल्या वनस्पतींच्या ११७८ जातींपैकी २४२ जातींची उलाढाल वर्षाला शंभर टनांहून अधिक होती. दुसरीकडे कुष्ठ १९८५ पासून 'साइटीस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. कुटकी व जटामांसी १९९७ मध्ये दुसऱ्या परिशिष्टात गेल्या. गुग्गुळाची गणना अतिसंकटग्रस्त वनस्पतींत होते, आणि डिंकासाठी झाडाला बेसुमार जखमा करण्याची पद्धत हे त्यामागचे एक प्रमुख कारण आहे. 'बहुता' ओसरू लागल्याची ही लक्षणे आहेत. रोग असाध्य होण्यापूर्वी ती ओळखणे हे वैद्याचे काम.

नियम कोणी करावा?

जंगल एका देशात, कारखाना दुसऱ्यात आणि ग्राहक तिसऱ्यात, अशी व्यापाराची मांडणी झाली की कोणत्याच एका शासनाचा हात सर्वत्र पोहोचत नाही. ब्रिटनचा कायदा आंबेगाव तालुक्यातील वेचणाऱ्याला संरक्षण देऊ शकत नाही आणि भारताचा कायदा ब्रिस्टलच्या खरेदीदारावर भाव लादू शकत नाही. ही पोकळी भरून काढण्याचा प्रयत्न गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात सुरू झाला. १९९३ मध्ये लाकडाच्या व्यापारासाठी 'फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल' स्थापन झाली. २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांचा 'ग्लोबल कॉम्पॅक्ट' कार्यान्वित झाला. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने उद्योग व मानवाधिकार यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. संरक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य, आदर राखणे ही उद्योगाची जबाबदारी आणि अन्याय झाल्यास दाद मिळणे हा पीडिताचा अधिकार, अशी त्यांची त्रिसूत्री आहे.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. आपल्याकडे सामाजिक उत्तरदायित्व म्हटले की २०१३ च्या कंपनी कायद्याचे १३५ वे कलम आठवते. विशिष्ट मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी, असे ते कलम सांगते. त्यातून शाळा, दवाखाने, पाणवठे उभे राहिले, हे स्तुत्यच आहे. तथापि नफा झाल्यानंतर केलेले दान वेगळे आणि नफा होत असताना पाळलेला धर्म वेगळा. हिरडा वेचणाऱ्या कुटुंबास अपुरा भाव देऊन त्याच गावात पाण्याची टाकी बांधून देणारी कंपनी दोन टक्क्यांच्या हिशेबात निर्दोष ठरेल. बहुहितसंबंधी उपक्रमांचा रोख या दुसऱ्या धर्माकडे, म्हणजे प्रत्यक्ष खरेदी-विक्रीच्या व्यवहाराकडे असतो.

मानकाची घडण

१९८८ मध्ये थायलंडमधील चिआंग माई येथे जागतिक आरोग्य संघटना, आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघ आणि जागतिक वन्यजीव निधी यांच्या पुढाकाराने झालेल्या परिषदेने, प्राण वाचविणाऱ्या वनस्पतींचे प्राण वाचवा, अशी हाक दिली होती. २००३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधी वनस्पतींच्या लागवडीची व संकलनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. परंतु अमुक एका जंगलातून अमुक इतके घेतले तर पुढील वर्षी तेवढेच मिळेल काय, हे प्रत्यक्षात कसे ठरवावे याचे मोजमाप उपलब्ध नव्हते. जर्मनीची संघीय निसर्गसंरक्षण संस्था, वन्यजीव-व्यापारावर लक्ष ठेवणारी 'ट्रॅफिक' ही संस्था, निसर्गसंवर्धन संघ आणि जागतिक वन्यजीव निधी यांनी मिळून २००७ मध्ये तसे मानक प्रसिद्ध केले. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये वेचणाऱ्यांच्या न्याय्य मोबदल्याला प्राधान्य देणारे 'फेअरवाइल्ड' हे दुसरे मानक आकार घेत होते. २००८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये फेअरवाइल्ड प्रतिष्ठान स्थापन झाले आणि २०१० च्या दुसऱ्या आवृत्तीत हे दोन्ही प्रवाह एकत्र आले.

या आवृत्तीत ११ तत्त्वे व २९ निकष आहेत. वनस्पतीचा साठा टिकविणे, परिसराची हानी टाळणे, कायद्याचे पालन, परंपरागत हक्कांचा आदर, वेचणाऱ्यांशी न्याय्य करार, बालकांच्या सहभागास मर्यादा, वेचणाऱ्यांच्या समाजास लाभ, कामगारांसाठी योग्य परिस्थिती, जबाबदार व्यवस्थापन व व्यवसाय, असा त्यांचा क्रम आहे. अकरावे तत्त्व खरेदीदाराच्या बांधिलकीविषयी आहे आणि आमच्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे. पहिली दहा तत्त्वे पाळण्याचा भार मुख्यत्वे वेचणारे व संकलन करणारी संस्था यांच्यावर पडतो. खरेदीदार पुढच्या वर्षी पाठ फिरवणार असेल तर तो भार त्यांनी का उचलावा?

भीमाशंकर ते ब्रिस्टल

पुण्याच्या 'अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन' या संस्थेने भीमाशंकर परिसरातील महादेव कोळी समाजाच्या गावांबरोबर आणि कोकणात हिरडा-बेहड्याच्या संकलनासाठी या मानकाचा अवलंब केला. ब्रिस्टल येथील पक्का हर्ब्ज ही वनौषधींच्या चहासाठी ख्यातनाम असलेली कंपनी त्यात खरेदीदार म्हणून सहभागी झाली. २००१ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीच्या दोघा संस्थापकांपैकी एक, सबॅस्टियन पोल, हे स्वतः आयुर्वेदाचे अभ्यासक व चिकित्सक आहेत.

बेहड्याची कथा विशेष उद्बोधक आहे. सह्याद्रीतील जुने बेहडे उंच वाढतात व त्यांना ढोली असतात. महाधनेश आणि मलबारी कवड्या धनेश हे पक्षी अशा जुन्या वृक्षांच्या ढोलीतच घरटे करतात. फळाला भाव नसला की मालकी जमिनीवरील असा वृक्ष लाकडासाठी अल्प किमतीत तोडला जातो. एकदा रक्कम मिळते आणि शतकाचा वृक्ष जातो. फळाला दरवर्षी खात्रीचे गिऱ्हाईक मिळाले तर तोच वृक्ष राखणे फायद्याचे ठरते. संरक्षणाचा उपदेश करण्याऐवजी संरक्षणाचा भाव देणे, एवढेच यातील तत्त्व आहे.

मानकानुसार काम म्हणजे प्रत्यक्षात काय, हेही पाहिले पाहिजे. प्रथम झाडांची मोजदाद होते. कोणत्या झाडावर साधारण किती फळ धरते, त्यातील किती घ्यावे आणि पक्षी, प्राणी व नव्या रोपांसाठी किती ठेवावे, हे ठरते. फांद्या तोडून फळ पाडण्यास मनाई असते. वेचणाऱ्यांची नोंद व प्रशिक्षण होते, भाव आधी ठरतो, आणि त्याखेरीज समाजाच्या कामासाठी वेगळी अधिक रक्कम खरेदीदाराकडून मिळते. प्रत्येक पोत्याचा माग गावापर्यंत लावता येतो. वैद्याच्या दृष्टीने या शेवटच्या गोष्टीचे मोल मोठे आहे. ओलसर जमिनीवर पसरलेल्या बेहड्याला बुरशी लागते, हे आपण जाणतो. ज्या पोत्याचा माग लागतो त्याच्या वाळवणीचा जाबही विचारता येतो. वेचणाऱ्याला न्याय आणि रोग्याला निर्दोष द्रव्य, या एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू आहेत.

या चित्राची दुसरी बाजू

येथवर वाचून कोणास वाटेल की औषध सापडले. आम्हास तसे वाटत नाही. प्रमाणपत्राने सुरक्षिततेचा भास निर्माण होतो आणि तो भास प्राणघातकही ठरू शकतो. सप्टेंबर २०१२ मध्ये कराचीतील एका कापड कारखान्याला लागलेल्या आगीत अडीचशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. त्या कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच कामगारांच्या सुस्थितीविषयीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले होते. एप्रिल २०१३ मध्ये ढाक्याजवळील राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर बांगलादेशात झालेला अग्निसुरक्षेचा करार निराळा होता : त्यावर कामगार संघटनांच्या स्वाक्षऱ्या होत्या आणि तो कंपन्यांवर कायद्याने बंधनकारक होता. स्वेच्छा आणि बंधन यांतील फरक शिकण्यासाठी केवढी किंमत मोजावी लागली!

'एमएसआय इंटेग्रिटी' या संस्थेने सुमारे दहा वर्षे ४० आंतरराष्ट्रीय बहुहितसंबंधी उपक्रमांचा अभ्यास करून जुलै २०२० मध्ये आपला निष्कर्ष मांडला. उद्योगांना उत्तरदायी ठरविण्यास किंवा पीडितांना दाद मिळवून देण्यास हे उपक्रम पुरेसे नाहीत. निरनिराळ्या पक्षांत संवाद घडविणे हा मात्र त्यांचा उपयोग आहे, असे त्या संस्थेचे म्हणणे. ज्यांच्या हक्कांसाठी हे उपक्रम निघाले, त्या लोकांना निर्णय घेणाऱ्या मंडळांवर फारच थोड्या ठिकाणी स्थान होते.

मेजाभोवती कोण बसले नाही, हा प्रश्न किती निर्णायक असतो याचे उदाहरण आयुर्वेदाच्या इतिहासातच आहे. केरळातील पालोडे येथील उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने काणी या आदिवासींच्या 'आरोग्यपच्चा' विषयीच्या ज्ञानावरून 'जीवनी' हे औषध सिद्ध केले. १९९५ मध्ये त्याच्या निर्मितीचा परवाना कोइमतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला दहा लाख रुपये शुल्क व दोन टक्के स्वामित्वधनाच्या बोलीवर देण्यात आला. त्यातील निम्मा वाटा काणींना मिळावा, असे ठरले. १९९७ मध्ये त्यांचा विश्वस्त निधी स्थापन झाला. जगभर या प्रयोगाची वाखाणणी झाली. परंतु कच्चा माल ज्या जंगलातून यायचा तेथील वनखाते या वाटाघाटीत नव्हते. पाने गोळा करण्यास त्याने हरकत घेतली आणि पुरवठा अडला. वैज्ञानिक, उद्योग आणि समाज तिघे एकत्र येऊनही चौथ्या पादाअभावी चिकित्सा अडखळली, असे आपल्या परिभाषेत म्हणता येईल.

आणखी एक अडचण आहे. प्रमाणीकरणाचा वार्षिक खर्च लहान गावांना स्वबळावर पेलत नाही. तो खरेदीदाराने किंवा एखाद्या प्रकल्पाने उचलावा लागतो. आणि खरेदीदार कायमचा तोच राहीलच असे नाही. पक्का हर्ब्ज २०१७ मध्ये युनिलिव्हरने घेतली. पुढे युनिलिव्हरच्या चहाच्या व्यवसायाबरोबर २०२२ मध्ये ती एका गुंतवणूक संस्थेच्या हाती गेली. या हस्तांतरांत सह्याद्रीतील कोणत्याही गावाचे मत विचारले जाण्याचा प्रश्नच नव्हता. एकाच गिऱ्हाइकावर विसंबलेली न्यायव्यवस्था किती नाजूक असते, याची कल्पना यावरून यावी.

कायद्याने दिलेली सूट

स्वेच्छेच्या उपक्रमांना कायद्याचा आधार असावा लागतो. पेसा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी गौण वनोपजावरील ग्रामसभांचा व वननिवासींचा अधिकार मान्य केला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने सामूहिक वनहक्क मिळवून आपला बांबू स्वतः विकला, तेव्हा त्या अधिकाराचा अर्थ महाराष्ट्राला समजला. हातात असा अधिकार घेऊन मेजाशी बसणारे गाव आणि केवळ पोते घेऊन येणारे गाव यांच्या शब्दाला सारखेच वजन कसे येईल?

जैवविविधता कायद्याची कहाणी आपल्याला अधिक जवळची आहे. २००२ च्या मूळ कायद्यात परंपरागत वैद्य-हकिमांना सूट होतीच. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसीच्या प्रकरणात, भारतीय कंपन्यांनीही जैवसंपत्तीच्या लाभाचा न्याय्य वाटा दिला पाहिजे, असा निर्णय दिला. २०२३ च्या दुरुस्तीने नोंदणीकृत आयुष चिकित्सकांचा सूट मिळणाऱ्यांत स्पष्ट उल्लेख केला, आणि संहिताबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापरासही लाभवाटपातून मोकळीक दिली. खेड्यातील एकट्या वैद्याला कागदपत्रांच्या जंजाळातून सोडविणे योग्यच होते आणि त्याचे आम्ही स्वागत करतो. परंतु याच मोकळिकीचा आडोसा मोठ्या उत्पादकांनाही मिळतो, हे विसरता येत नाही. ज्ञान संहितेत आहे म्हणून ते सर्वांचे, हे खरे. पण फळ संहितेत उगवत नाही. ते भर उन्हात कोणीतरी वेचीत असते.

आपली जागा

आता या साऱ्यात वैद्याचे स्थान कोणते, याचा विचार करू. वर वर्णिलेल्या मेजाभोवती निसर्गसंस्था आहेत, कंपन्या आहेत, प्रमाणीकरण यंत्रणा आहेत. ज्याच्या चिठ्ठीवर हे द्रव्य खपते त्या भिषकाची खुर्ची मात्र आपल्या देशात बव्हंशी रिकामीच आहे. लंडनचा ग्राहक चहाच्या खोक्यावरील चिन्ह पाहून प्रश्न विचारतो आणि चतुष्पादातील पहिला पाद असलेले आपण विचारीत नाही, ही गोष्ट आम्हास लाजिरवाणी वाटते.

आम्ही कोणा एका कंपनीचा माल घ्या किंवा एका चिन्हावर विश्वास ठेवा, असे सुचवीत नाही. सुचवायच्या गोष्टी अगदी साध्या आहेत. पहिली, प्रत्येक सभासदाने आपल्या विक्रेत्यास हिरडा, बेहडा, गुळवेल यांसारख्या पाच द्रव्यांचे मूळ स्थान, संकलनाचा ऋतू आणि वेचणाऱ्यास मिळालेला भाव लेखी विचारावा. एकाने विचारले तर तो विक्षिप्तपणा ठरेल, शंभरांनी विचारले तर बाजार उत्तर शोधू लागेल. दुसरी, जिल्हा शाखांनी आपल्या सभासदांची वार्षिक मागणी एकत्र करून वनहक्क मिळालेल्या एखाद्या ग्रामसभेशी थेट करार करण्याचा प्रयत्न करावा. त्यासाठी परदेशी प्रमाणपत्राची गरज नाही. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ व भारतीय गुणवत्ता परिषद यांची ऐच्छिक प्रमाणीकरण योजना आपल्याकडे आहे. तिसरी, अशा करारात पुढील तीन वर्षांच्या खरेदीची हमी असावी. अकराव्या तत्त्वाची आठवण येथे व्हावी. चौथी, करार ठरविताना वेचणाऱ्या स्त्री-पुरुषांचे प्रतिनिधी आणि वनखाते या दोघांनाही बोलवावे. काणींच्या अनुभवाचा तोच धडा आहे.

यामुळे त्रिफळेचा दर थोडा वाढेल काय? बहुधा वाढेल. तो वाढलेला पैसा कोठे गेला, हे रोग्याला सांगता आले तर त्याची तक्रार फारशी राहणार नाही, असा आमचा विश्वास आहे. आणि सांगता आले नाही तर ती तक्रार रास्तच असेल.

चतुष्पादांत वेचणाऱ्याचा पाद वेगळा मोजलेला नाही. द्रव्याची पारख आणि त्याची जबाबदारी शास्त्राने भिषकाकडेच सोपविली, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. पुढील हिवाळ्यात डोंगरावर बेहडा पिकून गळू लागेल, तेव्हा आपल्या संघटनेतील निदान एका शाखेने त्या झाडाखाली जाऊन वेचणाऱ्याशी दोन शब्द बोलावेत. तेथे काय ऐकले ते या त्रैमासिकास अवश्य कळवावे. आम्ही ते अगत्याने छापू.